टर्कीच्या जेवणाला कुठली वाइन? थँक्सगिव्हिंगच्या बाटल्यांचं परीक्षण

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या अमेरिकन सणाच्या, टेबलावर वाइनला सगळ्यात जड जातो तो क्रॅनबेरी सॉस. टर्की स्वतः कुणाशी भांडत नाही. तिचं मांस सौम्य असतं आणि छातीचा भाग तर जवळजवळ बिनचरबीचा, त्यामुळे नुसत्या टर्कीबरोबर बहुतेक वाइन निभावून जातात. पण अमेरिकेत या दिवशी नुसती टर्की कुणी खात नाही. त्याच ताटात आंबट-गोड क्रॅनबेरी सॉस असतो, वर मार्शमेलो वितळवलेलं रताळं असतं, सेज नावाच्या सुगंधी पाल्याच्या वासाचं स्टफिंग म्हणजे पक्ष्यात भरायचं सारण, खारट ग्रेव्ही, किंचित कडू ब्रसेल्स स्प्राउट्स आणि लोण्यात घोटलेले बटाटे असतात. दोन-तीन चवी एकाच घासात तोंडात जातात. म्हणून वाइनच्या दुकानात गेल्यावर टर्कीबरोबर काय चालेल हे विचारण्याआधी आपल्या ताटात गोड आणि आंबट किती आहे ते सांगावं. बाटली त्यावरून ठरते.

जिभेवर काय होतं ते समजलं की निवड सोपी होते. पदार्थ गोड असेल तर त्याच्या मागून प्यायलेली कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, वाइन आहे त्याहून आंबट, पातळ आणि कडू लागते. पदार्थ आंबट असेल आणि वाइनमध्ये तेवढा आंबटपणा नसेल तर वाइन मऊ पडते, तिला धार राहत नाही. मिठाने मात्र वाइनचा कडवटपणा झाकला जातो, फळाची चव पुढे येते. टॅनिन, म्हणजे रेड वाइनमधला तुरटपणा, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतो आणि जास्त उकळलेल्या कोऱ्या चहाने आकसते तशी जीभ आकसते. चरबीदार मांस असेल तर हा तुरटपणा बोथट होतो. टर्कीच्या छातीत ती चरबी नाही.

एवढ्यावरून कॅबर्ने सोव्हिन्याँ या तुरट रेड वाइनचा निकाल लागतो. पाहुणे हमखास हीच बाटली घेऊन येतात, कारण महागडी रेड वाइन म्हटली की कॅलिफोर्नियातल्या नापाचीच कॅबर्ने आठवते. स्टेकबरोबर ती उत्तम आहे. टर्कीबरोबर ती मांस आणखी कोरडं करते. क्रॅनबेरीत स्वतःचा तुरटपणा असतोच. दोन्ही तुरटपणे एकत्र आले की तोंडात धातूसारखी चव राहते. कुणी आणलीच तर आभार मानून बाजूला ठेवावी, चांगली कॅबर्ने आठ-दहा वर्षं सहज टिकते.

पहिली पसंती रीझलिंग या पांढऱ्या वाइनला, आणि तीही किंचित गोड रीझलिंगला. 'गोड वाइन म्हणजे स्वस्त वाइन' हा समज इथे सर्वांत जास्त नुकसान करतो. जर्मनीतल्या मोझेल नदीच्या उतारांवरची काबिनेट या हलक्या प्रकारातली रीझलिंग घ्या: तिच्यात लिटरला साधारण ३० ते ५० ग्रॅम साखर असते, पण आंबटपणा इतका तेज असतो की घोट संपताना गोडी मागे उरत नाही. क्रॅनबेरीच्या आंबटपणाला तिचा आंबटपणा पुरून उरतो, रताळ्याच्या गोडीपुढे ती पातळ पडत नाही, आणि अल्कोहोल फक्त ८ ते ९ टक्के असल्याने दुपारी तीनला सुरू होऊन रात्रीपर्यंत चालणाऱ्या जेवणात डोकं जड होत नाही.

लेबल वाचताना एक खूण लक्षात ठेवली की फसगत होत नाही. मोझेलच्या बाटलीवर अल्कोहोल ८-९ टक्के असेल तर द्राक्षातली बरीच साखर आंबवल्याविना शिल्लक आहे, म्हणजे वाइन गोडसर आहे. १२ टक्क्यांच्या आसपास असेल, किंवा 'ट्रोकन' असं लिहिलेलं असेल, तर ती कोरडी. 'फाइनहर्ब' ही मधली. अमेरिकन रीझलिंगच्या मागच्या लेबलावर बऱ्याचदा 'ड्राय' ते 'स्वीट' अशी पट्टी छापलेली असते. तिच्यातला 'मीडियम ड्राय' हा टप्पा टर्कीच्या जेवणाला नेमका बसतो. गोंधळ होतो तो बहुधा इथेच: घाईत कोरडी बाटली उचलली जाते आणि रताळ्याबरोबर ती लिंबाच्या पाण्यासारखी लागल्यावर दोष रीझलिंगला दिला जातो.

अमेरिकेतच पिकलेली हवी असेल तर न्यूयॉर्क राज्यातला फिंगर लेक्स हा भाग बघावा. थंडीत द्राक्षवेली गोठतात म्हणून तिथे युरोपीय जातींची द्राक्षं टिकणार नाहीत असं पूर्वी मानलं जायचं. युक्रेनहून आलेल्या डॉ. कॉन्स्टँटिन फ्रँक यांनी १९६२ मध्ये वायनरी सुरू करून तो समज मोडून काढला. त्यांच्या नावाची वायनरी आणि हर्मन वीमर यांची वायनरी या दोन्हींच्या सेमी-ड्राय रीझलिंग भरवशाच्या आहेत. न्यू जर्सीकडे राहणाऱ्यांना त्या सहज मिळतात. पश्चिमेकडे वॉशिंग्टन राज्यातल्या शातो सँ मिशेलची कोलंबिया व्हॅली रीझलिंग जवळपास प्रत्येक दुकानात असते. तिच्यात मोझेलची खोली नाही, पण दहा-बारा डॉलरांच्या आसपास इतकी कामाची दुसरी बाटली टर्कीसाठी सांगता येणार नाही. मोठ्या गोतावळ्याला हीच घ्यावी.

रेड वाइनच हवी असेल तर बोजोले. फ्रान्सच्या या भागातली वाइन गामे नावाच्या द्राक्षापासून होते. सालीत टॅनिन कमी, आंबटपणा चांगला आणि चव लाल बेरींची, म्हणजे क्रॅनबेरीच्या शेजारी बसायला तयारच. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली विकल्या जातात आणि तो फरक कळायला हवा.

पहिली बोजोले नूवो, म्हणजे त्याच वर्षीच्या द्राक्षांची कोवळी वाइन. ती नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते आणि थँक्सगिव्हिंग असतो चौथ्या गुरुवारी, म्हणजे बरोबर आठवड्याने. दुकानांच्या दारात रंगीत लेबलांच्या पेट्यांचे ढीग लागतात ते त्यामुळे. हिच्यासाठी द्राक्षं न चुरडता अख्खे घड बंद टाकीत कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवतात. आंबण्याची सुरुवात द्राक्षाच्या आतच होते, त्यामुळे रंग आणि फळाचा वास उतरतो पण तुरटपणा फारसा उतरत नाही. केळं किंवा बबलगमसारखा वास येतो तो या पद्धतीमुळे. जेवणाआधी, चीज-क्रॅकर्सबरोबर, चांगली गार करून प्यायला ती मजेची आहे. ताटापुढे मात्र ती हलकी पडते. डार्क मीट, म्हणजे पायाचं गडद मांस, आणि ग्रेव्ही आली की तिची चव हरवते. बाटली बारा ते सोळा डॉलरला मिळते, त्याहून जास्त देऊ नयेत.

दुसरी क्रू बोजोले, आणि आमचं मत नि:संकोच हिच्या बाजूने आहे. बोजोलेच्या उत्तर भागातली दहा ठिकाणं आपल्या नावाने वाइन विकतात: फ्लरी, मोर्गाँ, ब्रुयी, कोत द ब्रुयी, जुलिएना, शेना, शिरूब्ल, रेन्ये, सँतामूर आणि मुलँ-आ-व्हाँ. यांच्या लेबलावर त्या ठिकाणाचंच नाव ठळक असतं. 'बोजोले' हा शब्द बारीक असतो किंवा नसतोच आणि गामे तर बहुधा लिहिलेलं नसतं. त्यामुळे बाटली समोर असूनही हात तिला ओलांडून पुढच्या बाटलीकडे जातो. पांढऱ्या मांसासाठी फ्लरी किंवा शिरूब्ल, पायाच्या गडद मांसासाठी आणि मशरूमच्या स्टफिंगसाठी मोर्गाँ. मुलँ-आ-व्हाँ या दहांमधली सर्वांत दणकट. ती भाजलेल्या बदकाला द्यावी. वीस ते तीस डॉलरमध्ये चांगली क्रू मिळते, आणि त्याच किमतीत तेवढी चांगली पिनो न्वार ही हलकी रेड वाइन क्वचित मिळते.

पिनो न्वार ही तरीही या सणाची नावाजलेली निवड आहे आणि ती चुकीची नाही. ऑरेगनमधल्या विलामेट व्हॅलीची पिनो तिच्या मातकट, मशरूमसारख्या वासामुळे सेज आणि ग्रेव्हीबरोबर सुंदर जुळते. पण पंधरा-अठरा डॉलरच्या बऱ्याच कॅलिफोर्नियन पिनो जॅमसारख्या दाट आणि व्हॅनिलाच्या वासाच्या असतात. आंबटपणा कमी, अल्कोहोल १४ टक्क्यांच्या वर. क्रॅनबेरी सॉससमोर त्या कफ सिरपसारख्या लागतात. पिनोवर पंचवीस डॉलरपेक्षा कमी खर्च करायचा असेल तर तो पैसा बोजोलेवर घालावा.

झिन्फन्डेल या दणकट रेड वाइनचे चाहते दरवर्षी तिची बाजू घेतात, कारण अमेरिकन सणाला अमेरिकन वाइन हवी. द्राक्ष मुळात क्रोएशियाचं आहे हे २००१ मध्ये डीएनए तपासणीतून ठरलं, पण कॅलिफोर्नियाने त्याला दीडशेहून अधिक वर्षं आपलं मानलंय, तेव्हा तो दावा मान्य. धुरावलेली किंवा ग्रिलवर भाजलेली टर्की असेल, गडद मांस जास्त असेल, तर सोनोमातल्या ड्राय क्रीकची झिन्फन्डेल खरंच शोभते. अडचण अल्कोहोलची. १४.५ ते १६ टक्के ही नेहमीची मजल. अमेरिकेत एक 'ड्रिंक' मोजतात ते १२ टक्क्यांच्या १५० मिलि वाइनचं, १५.५ टक्क्यांच्या झिन्फन्डेलचा तेवढाच ग्लास म्हणजे सव्वाहून थोडं जास्त. गाडी चालवून परत जाणाऱ्यांनी हा हिशोब करायलाच हवा.

पांढऱ्या वाइनपैकी शार्डने, तीही ओकच्या पिंपातली लोण्यासारख्या चवीची, बटाटे आणि ग्रेव्हीपुरती छान आणि सॉस आला की सपाट. गेवुर्त्सट्रामिनरला लिची आणि गुलाबाचा वास असतो, तो रताळ्याला आणि स्टफिंगमधल्या मसाल्याला मानवतो, पण आंबटपणा कमी असल्याने एका ग्लासनंतर जड वाटते. सोव्हिन्याँ ब्लां फक्त हिरव्या भाज्यांच्या कामाची. फ्रान्समधल्या व्हूव्रेची दमी-सेक, म्हणजे अर्धगोड, शेनँ ब्लां मात्र रीझलिंग न आवडणाऱ्यांनी जरूर घ्यावी, तत्त्व तेच आहे.

एकच प्रकार घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवायचा असेल तर फसफसणारी वाइन घ्या. बुडबुडे आणि आंबटपणा लोणी, ग्रेव्ही, तळलेला कांदा सगळं धुऊन टाकतात, आणि मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या टर्कीच्या खारटपणाने ती अधिकच खुलते. शॅम्पेनवर पैसे घालायची गरज नाही: न्यू मेक्सिकोची ग्रुए, कॅलिफोर्नियातल्या अँडरसन व्हॅलीची रोडरर इस्टेट किंवा फ्रान्सची क्रेमाँ दालझास पुरेशा आहेत. लेबलावरच्या 'एक्स्ट्रा ड्राय'ला फसू नका. 'ब्रूट'मध्ये लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर चालते, 'एक्स्ट्रा ड्राय'मध्ये १२ ते १७. म्हणजे एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूटपेक्षा गोड. या ताटाला ती गोडी उलट उपयोगाची पडते. रंगाने गुलाबी असलेली ब्रूट रोझे डार्क मीटलाही पुरते.

अमेरिकेतल्या मराठी घरांत टर्कीला बऱ्याचदा दही, आलं-लसूण, काश्मिरी मिरची आणि गरम मसाला लावतात. पक्षी ओलसर राहतो आणि चव येते, पण वाइनचं गणित बदलतं. मिरचीची आग अल्कोहोल आणि टॅनिनने वाढते. १५ टक्क्यांची झिन्फन्डेल किंवा ओकमधली कुठलीही रेड त्या घासावर ओतली की जीभ पोळते आणि वाइन कडू लागते. इथे ८ टक्क्यांच्या काबिनेटला तोड नाही. रेडच हवी असेल तर गार केलेली गोडसर, फसफसणारी इटालियन लाम्ब्रुस्को घ्यावी, लेबलावर 'अमाबिले' लिहिलेली.

टेबलावर काटेकोर शाकाहारी पाहुणे असतील तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. वाइन नितळ करण्यासाठी काही वायनऱ्या अंड्याचा पांढरा बलक, माशाच्या फुग्यापासूनचा आयसिंग्लास, जिलेटिन किंवा दुधातलं केसीन वापरतात. हे पदार्थ तळाशी बसून बाजूला काढले जातात, पण वापर होतो, आणि तो लेबलावर छापणं अमेरिकेत बंधनकारक नाही. मागच्या लेबलावर 'व्हीगन' खूण असलेली बाटली निवडावी, नाहीतर वायनरीच्या संकेतस्थळावर खात्री करावी. बेंटोनाइट माती वापरणाऱ्या वायनऱ्यांची वाइन चालते.

मुंबई, पुणे किंवा गोव्यात नाताळला टर्की करणाऱ्यांना मोझेल शोधत आयात कर भरण्याची गरज नाही. नाशिकच्या सुलाची शेनँ ब्लां किंचित गोडसर असते आणि मसालेदार पक्ष्याशी तिचं चांगलं जमतं. फक्त डिसेंबरच्या दुपारीही तिथे हवा उबदार असते, तेव्हा बाटली टेबलावर उघडी न ठेवता बर्फातच राहू द्यावी.

तापमानाकडे बहुतेक घरांत दुर्लक्ष होतं आणि चांगली बाटली त्यात वाया जाते. नोव्हेंबरात हीटर लावलेल्या अमेरिकन घरात २१-२२ अंश सेल्सियस असतं. त्या तापमानाला रेड वाइनमधलं अल्कोहोल नाकात चढतं. बोजोले आणि पिनो १३ ते १५ अंशांवर हव्यात, म्हणजे वाढण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये. रीझलिंग ८ ते १० अंशांवर. ४ अंशांच्या फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर. फसफसणारी ६ ते ८. खरी अडचण अशी की त्या आठवड्यात फ्रिजमध्ये जागाच नसते: गोठलेली टर्की फ्रिजमध्ये सुटायला दर ४ ते ५ पौंडांना २४ तास लागतात, म्हणजे १५ पौंडांचा पक्षी तीन-चार दिवस अख्खा खण अडवतो. सहलीला नेतो तो कूलर बाहेर काढून त्यात निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालावं. वीस मिनिटांत पांढरी वाइन तयार. नुसत्या बर्फात वेळ जास्त लागतो, कारण बर्फाचे खडे काचेला मोजक्याच जागी टेकतात. गॅरेजमध्ये ठेवायची असेल तर रात्रीचं तापमान बघून ठेवा. उणे ६ अंशांच्या आसपास वाइन गोठू लागते, आणि बूच वर सरकतं.

तासभर आधी बूच काढून ठेवल्याने काही होत नाही, बाटलीच्या मानेएवढ्या भागालाच हवा लागते. या वाइन तशाही लगेच प्यायच्या आहेत, डिकँटर (वाइन ओतून ठेवायचं भांडं) नको. फसफसणारी उघडताना बुचावरची तार सहा अर्धे फेरे फिरवून सैल करा, बूच घट्ट धरा आणि बाटली फिरवा. ती नीट गार झालेली नसेल तर अर्धी वाइन टेबलक्लॉथवर जाते.

किती आणायची? ७५० मिलिच्या बाटलीत १५० मिलिचे पाच ग्लास होतात. पिणारे दहा जण आणि चार-पाच तासांचं जेवण धरलं तर माणशी तीन ग्लास, म्हणजे सहा बाटल्या. दोन ब्रूट, दोन रीझलिंग, दोन क्रू बोजोले, आणि सातवी राखीव. राखीव लागतेच, कारण एखाद्या बाटलीचं बूच खराब निघून ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ शकतो. अशी वाइन हवा दिल्याने सुधारत नाही. बिल जपून ठेवलं तर बरीच दुकानं बदलून देतात. ब्रूट उघडायची वेळ म्हणजे टर्की ओव्हनमधून काढून विसाव्याला ठेवलेली ३० ते ४५ मिनिटं. खरेदी बुधवारच्या आत उरकावी. पेनसिल्व्हेनियात वाइनची सरकारी दुकानं थँक्सगिव्हिंगला बंद असतात, आणि मॅसॅच्युसेट्समध्येही त्या दिवशी दुकानातून दारूविक्री होत नाही.

पाय, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, त्याच्यासाठी नियम कडक आहे: वाइन पायपेक्षा गोड हवी. पंपकिन पायबरोबर साडेपाच टक्क्यांची मोस्कातो दास्ती हलकी आणि पुरेशी गोड. पिकॅन पायला ती पुरत नाही, तिथे दहा वर्षं मुरलेली टॉनी पोर्ट ही गोड, कडक वाइन लागते. ती वीस टक्क्यांची असल्याने ७५ मिलिच्या मापाने ३७५ मिलिची अर्धी बाटली पाच जणांना पुरते. शेवटी गुलाबजाम असतील तर वाइन बंद करून चहा ठेवावा.

ग्रेव्हीसाठी वाइन वापरायची तर कोरडी घ्या, उरलेली काबिनेट नको. आटल्यावर तिची साखर दाट होते आणि ग्रेव्ही गोड लागते. टर्कीच्या ट्रेमधली चरबी काढून टाकून अर्धा कप वाइन घाला, तळाला चिकटलेलं खरवडत ती निम्मी होईपर्यंत उकळा आणि मगच स्टॉक घाला. आधी स्टॉक घातला तर वाइन नीट आटत नाही आणि कच्च्या दारूचा वास ग्रेव्हीत राहतो.